दासगावला बोट नको, वाट हवी

महाडकडच्या मंडळींशी गप्पा निघाल्या आणि विषय सावित्री नदीवर आला, की दासगावच्या बंदराचं काय करायचं हा वाद ठरलेला. एकानं म्हणायचं, तिथं चांगली जेटी बांधा, प्रवाशांना बसायला जागा करा, मुंबईची बोट परत सुरू करा. आमचे आजोबा आगबोटीनंच येत होते. दुसऱ्यानं हसायचं. चौपदरी रस्ता दारात आहे, रेल्वे आहे, आता त्या चिखलात बोट कोण घालणार? फार तर महाडच्या सत्याग्रहाचं एक स्मारक उभारा, भोवती बाग करा, शोभेचे दिवे लावा, वर्षातून एकदा हार घालायला जाऊ. मग दुसरा पहिल्याला भाबडा म्हणतो, पहिला दुसऱ्याला नतद्रष्ट म्हणतो आणि तोवर चहा संपतो. कित्येक वर्षं हे ऐकतोय. भांडण धक्क्यावरून चाललंय आणि नदीकडे दोघांचीही पाठ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दासगावला मुंबईची बोट परत आणू नये. तिथं इमारतही बांधू नये. असेल तो पैसा आधी सावित्रीच्या पात्रात जावा आणि त्यानंतर दोनच गोष्टी राखाव्यात: गावातून पाण्यापर्यंत कुणालाही, कधीही, कुणाला न विचारता जाता येईल अशी वाट, आणि दासगाव ते महाड हे पाच मैल पायी जाण्याजोगे. मागणी किरकोळ वाटते, ठाऊक आहे. भूमिपूजनाला शोभेल असं तिच्यात काही नाही.

दासगाव हे समुद्रावरचं बंदर नव्हे. बाणकोटच्या तोंडापासून नदीनं चाळीस किलोमीटरहून अधिक आत, डोंगरांच्या कुशीत. भरतीचं पाणी इथवर चढतं म्हणून बोट चढत होती, एवढंच त्याचं बंदरपण. महाडशेजारी गांधारपाल्याच्या डोंगरात लेणी कोरली गेली तेव्हाही खालची नदी व्यापाराची होती. पुढे १७५६ च्या तहात पेशव्यांकडून बाणकोट इंग्रजांना मिळालं, आणि महाबळेश्वर वसल्यावर मुंबईचे साहेबलोक गलबतानं बाणकोटच्या खाडीत शिरून दासगाव-महाड गाठायचे, तिथून पार घाटानं वर. ज्याच्या नावानं आज आपण आर्थर सीटवर फोटो काढतो, त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्हं मूल याच सावित्रीच्या तोंडाशी बुडून गेले. या नदीचं वेळापत्रक छापील नव्हतं, तिथीवर चालायचं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आणि खाडीत जितकं आत जाल तितकी त्यात भर घालायची. पाणी चढलं की बोट वर, उतरायला लागलं की खाली. मध्ये अडकलात तर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसून राहा.

म्हणून ‘ते दिवस परत आणा’ म्हणणाऱ्यांना हसणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ते दिवस गोड नव्हतेच. ११ नोव्हेंबर १९२७ ला कोकण किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. ऐन गटारीचा दिवस, घरी निघालेली माणसं. पावसाळ्याचे चार महिने बोट बंद, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. धक्का नसलेल्या बंदरात बोटीतून पडावात उडी मारायची, पडावातून खलाशाच्या खांद्यावर. आपल्या भाषेत ‘बोट लागली’ याचा अर्थ ती धक्क्याला आली असा होतो आणि पोटातलं बाहेर आलं असाही. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना या प्रवासाबद्दल फार प्रेम असावं असं दिसत नाही. माझी आजी बोटीच्या गोष्टी सांगायची त्यात समुद्राचं वर्णन कधी आलं नाही. लिंबू आलं, ओकारी आली, आणि उशाला घेतलेली पत्र्याची पेटी कुणी उचलेल म्हणून रात्रभर जागलेले डोळे आले. एसटी गावात आली तेव्हा लोकांनी बोटीकडे मागं वळून पाहिलं नाही, यात कृतघ्नपणा कसला?

पण हसणारे इथंच थांबतात. बोट गैरसोयीची होती, म्हणून धक्क्याचं महत्त्व संपलं, असा त्यांचा हिशेब. तर मग १९२७ च्या डिसेंबरात काय झालं ते नीट आठवावं लागेल. त्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून दोनशेहून अधिक प्रतिनिधी महाडला न्यायचे होते. सरळ वाट होती धरमतरची: लाँचनं धरमतर, तिथून मोटारीनं महाड. बाबासाहेब आंबेडकरांनी ती घेतली नाही. २४ डिसेंबरला मंडळी ‘पद्मावती’ बोटीनं निघाली आणि २५ ला दुपारी दासगावला उतरली. लांबची, कटकटीची वाट का? कारण धरमतरला मोटारमालकांनी ‘तुम्हाला नेत नाही’ म्हटलं असतं तर सगळेच अडकले असते. दासगावहून महाड पाच मैल. कुणी नेलं नाही तर चालत जाता येतं. आणि प्रतिनिधी गेलेही चालत. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडून तेव्हा सहा-सात आठवडे झाले होते, हेही ध्यानात घ्या. बोटीची भीती त्या दोनशे जणांना नव्हती असं नाही. मोटारमालकाच्या मर्जीची खात्री त्याहून कमी होती.

हा निर्णय मला त्या सत्याग्रहातल्या भाषणांइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रवासाचा मार्ग निवडताना त्यांनी वेग पाहिला नाही, सोय पाहिली नाही; कुठल्या टप्प्यावर कोण आपल्याला अडवू शकतो, हे पाहिलं. बोटीचं तिकीट काढलं की माणूस प्रवासी होतो, धक्क्यावर उतरला की पायाखाली सरकारी जमीन, आणि पुढचे पाच मैल स्वतःचे पाय. सार्वजनिक जागा म्हणजे काय याची यापेक्षा चोख व्याख्या कुठल्या कायद्यात आहे? रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता, कागदावर तळी-विहिरी अस्पृश्यांना खुल्या होत्या. तरी चवदार तळं सार्वजनिक की खाजगी हा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ चा मार्च उजाडला. पाण्यापर्यंत पोचण्याचा हक्क सिद्ध करायला दहा वर्षं. ज्या गावात तो लढा उतरला त्या गावाच्या बंदराबद्दल बोलताना ‘बोट चालवणं परवडेल का’ एवढाच प्रश्न आपल्याला सुचावा?

आता बोटवाल्यांकडे वळतो, कारण त्यांची बाजू हसण्यावारी नेण्याइतकी कच्ची नाही. पाण्यावरून ओझं न्यायला इंधन कमी लागतं, हे पहिलं. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर गणपतीला गावी गेलेल्या कुठल्याही चाकरमान्याला रस्त्याचं कौतुक सांगून पाहा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि चालली. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल अंबा नदीतून बार्जनं धरमतरला येतोच आहे. शिवाय २०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले, त्यात खुद्द सावित्री, म्हणजे बाणकोट खाडी, क्रमांक ८९ वर आहे. मग दासगावनं काय घोडं मारलंय?

या उदाहरणांकडे जरा निरखून पाहा. मांडव्याची बोट का चालते? रस्त्यानं शंभरावर किलोमीटरचा वळसा आणि पाण्यानं वीसेक किलोमीटर, म्हणून. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे, कारण समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. याच सावित्रीच्या तोंडाशी वेसवी-बागमांडला बोट चालते, त्याच कारणानं. म्हणजे कोकणात प्रवासी बोट जगली ती नदी आडवी ओलांडायला. नदीच्या लांबीनं वर-खाली जाणारी मेली. दासगावचा प्रवास हा लांबीचा प्रवास आहे: आधी उघडा समुद्र, मग बाणकोटचा तोंडावरचा वाळूचा उंचवटा, मग वळणावळणाची नदी, आणि सगळं भरतीच्या मुठीत. ज्याला ठाण्याहून महाडला बहिणीकडे जायचंय तो तिथी पाहून निघणार आहे का? अंबेतल्या बार्जचं म्हणाल, तर लोखंडाच्या खनिजाला घाई नसते आणि ओकारीही होत नाही. राष्ट्रीय जलमार्गाचा क्रमांक मिळाल्यानं पात्राची खोली एक वीतही वाढत नाही. हवी असेल तर आडवी फेरीबोट चालवा, जिथं पलीकडच्या गावातल्या पोरांना शाळेला वळसा पडतो तिथं. त्याला प्रतीक्षालय लागत नाही. एक भक्कम उतार लागतो आणि वेळेवर येणारा तांडेल.

खोलीचाच तर मुद्दा आहे. मी गेल्या खेपेला दासगावला गेलो तेव्हा ओहोटी होती. पाणी इतकं मागं सरकलेलं, की मधला चिखल उन्हात शिसवी लाकडासारखा चकाकत होता आणि त्यावर निवटे उड्या मारत होते. तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुरात वाहून आलेलं एक टायर, आणि नदीकाठी बसायला बांधलेल्या कट्ट्यावर कुणी नाही. मागच्या महामार्गाचा आवाज अखंड, पण त्या आवाजातला एकही माणूस इकडे वळत नव्हता. एक म्हातारे गृहस्थ गुरं वळवत होते. मी विचारलं, “आबा, बोट कुठवर यायची?” त्यांनी हातातली काठी चिखलाच्या मध्यावर रोखली. “तिथं. आता तिथं माझी म्हस पण बुडायची नाय.”

बंदरं कायद्यानं बंद होत नाहीत, गाळानं होतात. सोपाऱ्याचं झालं, चौलचं झालं. ज्या व्यापाऱ्यांची नावं लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली आहेत त्यांची गलबतं जिथं लागत तिथं आज भातखाचरं आणि वाड्या आहेत. दासगावचं त्याच वाटेवर चाललंय, फक्त इथला गाळ नुसतं बंदर बुजवून थांबत नाही, वरचं गावही बुडवतो. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि माणसांचे मृतदेह खाली खाडीत, काही तर पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. बोटी थांबल्यावर आपण या नदीला विसरलो होतो. ती दासगाववरून समुद्राकडेच जाते हे त्या रात्री पुन्हा कळलं. मग २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली, त्याच दिवशी तालुक्यात तळीयेवर दरड. त्यानंतर सावित्रीतला गाळ काढायचं काम जोमानं हाती घेतलं गेलं. ते आधी का नाही झालं, असं विचारलं की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. शिवाय दासगावच्या बाजूला कोकण रेल्वेच्या भरावामुळे पुराचं पाणी तुंबतं, तिथं मोऱ्या वाढवा, हा महाडकरांचा जुना आक्षेप आहेच. हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, मोजून सुटेल असा. रोहा-वीर रेल्वे १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हा नदी म्हणजे ओलांडायचा अडथळा, एवढीच तिची गणना होती. धक्का असता वापरात, रोज शंभर माणसं पाण्याची पातळी बघत असती, तर इतक्या बिनबोभाट हे झालं असतं का?

बोटवाले म्हणतील, बघा, म्हणजे तुम्ही आमचंच म्हणताय. गाळ काढा, बोट आपोआप येईल. येईल न येईल, पण क्रम उलटा लावू नका. गाळ काढायचा तो महाडच्या घराघरांत चिखल शिरू नये म्हणून. बोटीसाठी खोदलेला अरुंद नालीसारखा मार्ग आणि पुरासाठी मोकळं केलेलं पात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा खर्च वेगळा, आखणी वेगळी. पर्यटनाच्या नावाखाली पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं, असं पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

राहता राहिले स्मारकवाले. त्यांच्या भावनेशी माझं भांडण नाही. भांडण आहे सिमेंटशी. वापर नसलेली इमारत नदीकाठी किती दिवस टिकते याचा एक दूरचा दाखला देतो. रशियात त्वेर शहरी व्होल्गाकाठी १९३८ मध्ये एक देखणं नदी-प्रवासी स्थानक बांधलं, तेही जुना मठ पाडून त्या जागेवर. बोटी रोडावल्या, स्थानक ओस पडलं, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याचा भाग कोसळला. मग वाद सुरू झाला: स्थानक पुन्हा बांधायचं की मठ? दोन पिढ्यांच्या दोन आठवणी एकाच जमिनीवर हक्क सांगत उभ्या. त्याच देशात मॉस्कोचं १९३७ चं उत्तर स्थानक मात्र २०२० मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, कारण त्याच्यासमोरच्या कालव्यात जहाजं येत-जात होती. समोर बोट असेल तर इमारत जगते. दासगावला बोट नाही, तर तिथल्या घुमटाचं, ग्रॅनाइटचं आणि कारंज्याचं पाच पावसाळ्यांत काय होईल? कारंज्याची मोटार पहिल्याच पुरात जाईल, एवढं मी आत्ताच लिहून देतो.

आणि आणखी एक कडू गोष्ट. २००५ च्या दरडीत घरं गेलेल्या दासगावच्या कुटुंबांतली काही दहा वर्षं उलटून गेल्यावरही पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती. त्या शेडांसमोरून जाऊन समतेच्या स्मारकाची कोनशिला बसवायची? महाडला पूल पडला तेव्हा नवा १६५ दिवसांत उभा राहिला. मनावर घेतलं तर किती वेगानं काम होतं हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच कशाला ‘वेळ लागतो’ म्हणायचं आणि कशाला नाही, हे ठरवणारा कोण, असा प्रश्न विचारावा लागतो.

“मग काय, विसरून जायचं?” हा स्मारकवाल्यांचा हुकमी प्रश्न. नाही. पण काय आठवायचं ते ठरवा. दासगावला त्या दिवशी घडलेली गोष्ट म्हणजे उतरणं आणि चालू लागणं. यातल्या कशालाही छप्पर लागत नाही. लागते ती नदीपर्यंतची सरकारी वाट, सातबाऱ्यावर आणि नकाशावर ठळक नोंदलेली, जिच्यावर उद्या कुणी रिसॉर्टचं फाटक किंवा रेतीचा ढीग टाकणार नाही. हे काल्पनिक भय नाही; कोकणच्या किनाऱ्यावर किती गावांत समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा कुणाच्या तरी कुंपणात गेल्यात, हे तिथं राहणाऱ्यांना विचारा. ओसाड जागेचा धोका ती पडीक राहण्यात नसतो. कुणाचं लक्ष नाही म्हटल्यावर ती हळूच कुणाची तरी होते. पाण्याजवळ भरतीची खूण दाखवणारा एक दगडी खांब असावा, त्यावर २००५ आणि २०२१ च्या पुराच्या रेघा असाव्यात, आणि १९२७ ची तारीख. मग पुढे महाडपर्यंत पाच मैलांची, झाडांच्या सावलीची, पाणी प्यायची सोय असलेली पायवाट. तिचा उपयोग २५ डिसेंबरला होईल आणि उरलेले ३६४ दिवस शाळेतल्या पोरांना, सायकलवाल्यांना, बाजाराला निघालेल्या बायकांना होईल.

“चालायला आहे की महामार्ग,” असं एका स्नेह्यानं मला ऐकवलं. त्या दिवशी मी दासगावहून महाडकडे चालायला लागलो होतो, अंगात उत्साह होता म्हणून. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर दीड हात जागा, तिच्यात खडी, मेलेलं कुत्रं, आणि पाठीमागून येणारा प्रत्येक कंटेनर कपडे ओढून नेत होता. समोरून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होती. गाडी आली की ती मोळीसकट गटाराच्या कठड्याला टेकून उभी राहायची, गेली की पुन्हा चार पावलं. मी तिला विचारलं, “ताई, दुसरी वाट नाही का?” ती म्हणाली, “होती. रस्त्यात गेली.” मैलभर गेल्यावर मी हात करून एक रिक्षा थांबवली आणि उरलेले चार मैल तिच्यात बसून गेलो.